मराठी घशातून सोमाली

सोमालीत एखाद्याला नाव विचारायला एकच शब्द पुरतो: मगआ़? मराठी माणूस पहिल्यांदा अडतो तो याच शब्दात. रोमन लिपीत या शब्दाच्या मधोमध 'सी' हे अक्षर असते. इंग्रजीच्या सवयीने कोणी त्याचा क करतो, कोणी स करतो, आणि समोरच्याला काहीच कळत नाही. हा 'सी' क नाही, स नाही आणि च तर मुळीच नाही. तो घशाच्या खोल भागातून येणारा एक वेगळाच ध्वनी आहे. मराठीत तो कुठल्याच शब्दात नाही, सोमालीत मात्र नाव, हात, दूध, खाणे, पिणे अशा रोजच्या शब्दांत तो भेटतो.

हा लेख ज्यांना सोमाली माणसांशी खरोखर बोलायचे आहे त्यांच्यासाठी आहे. पुण्यात सोमाली विद्यार्थी शिकतात, आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांत सोमाली रुग्ण उपचारांसाठी येतात. नैरोबीच्या इस्टली भागात किंवा अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबाला सोमाली शेजारी, दुकानदार, सहकारी रोज भेटतात. मार्च २०२४ मध्ये आयएनएस कोलकाता या युद्धनौकेने ३५ सोमाली चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले. अशा प्रकरणात दुभाष्याशिवाय पान हलत नाही, आणि दुभाष्याचा एक चुकीचा ध्वनी कागदावर चुकीचे नाव लिहवून जातो.

माझे म्हणणे थोडक्यात असे: सोमालीतल्या अवघड मानल्या जाणाऱ्या ध्वनींपैकी निम्मे मराठी तोंडाला आधीच येतात. अडचण जिभेची कमी आणि अक्षरांची जास्त आहे. रोमन अक्षरांबद्दलची इंग्रजी सवय सोडली की खरी मेहनत घशातल्या दोन-तीन ध्वनींवर आणि स्वरांच्या लांबीवर करायची उरते. म्हणून सुरुवात अक्षरांपासून करू.

सोमाली भाषेला आजची रोमन लिपी अधिकृतपणे मिळाली ती ऑक्टोबर १९७२ मध्ये. त्याआधी अरबी लिपी वापरात होती, उ़स्मान यूसुफ केनदीद यांनी तयार केलेली उस्मानिया ही खास सोमाली लिपीही होती. बराच वाद होऊन शेवटी शिरे जामअ़ अह़मद यांनी मांडलेली रोमन पद्धत स्वीकारली गेली. साध्या टंकयंत्रावर लिहिता यावे म्हणून तिच्यात अक्षरांवर-खाली कुठलीही चिन्हे नाहीत. सोमालीला इंग्रजीसारखा 'सी' आणि 'एक्स' लागतच नव्हता, म्हणून ती दोन मोकळी अक्षरे घशातल्या दोन ध्वनींना दिली गेली. सोय उत्तम, पण शिकणाऱ्याची फसगत तिथेच होते.

आता खूणगाठ बांधून ठेवा. या लेखात मी 'सी'साठी स्वराखाली टिंब देतो: अ़, आ़, उ़. 'एक्स'साठी ह़, 'क्यू'साठी क़ आणि 'केएच'साठी ख़ लिहितो. टिंब नसलेले अक्षर तूर्तास मराठीसारखे समजा. देवनागरीत लिहिलेला शब्द ही फक्त वाट दाखवणारी खूण आहे. शब्द पाठ करायचा तो सोमाली माणसाच्या तोंडून ऐकूनच.

आधी जे हातात आहे ते घेऊ. सोमालीत 'डीएच' असे लिहिलेले दिसले की मराठी माणूस त्याचा ध करतो, कारण आपण धनंजय किंवा धुळे रोमनमध्ये तसेच लिहितो. सोमालीत मात्र तो आपला ड आहे. युरोपीय शिकणाऱ्याला जिभेचे टोक मागे वळवून टाळूला लावायला बराच सराव लागतो. आपण तो जन्मापासून करतो आहोत. साधा 'डी' म्हणजे आपला दातांमागचा द. हा फरक सोमालीत अर्थ बदलतो: डिब म्हणजे त्रास, दिब म्हणजे मागे; डेग म्हणजे कान, देग म्हणजे उतर किंवा वस्ती कर; डुल म्हणजे जमीन, दुल म्हणजे वरचा भाग. मराठी माणसाने या जोड्या एकदा मोठ्याने म्हटल्या की पुन्हा विचार करावा लागत नाही. दोन स्वरांच्या मध्ये हा ड हलका होतो, आपण 'घोडा' म्हणताना जीभ जशी नुसती फटकारतो तसा. दक्षिणेकडच्या अनेकांच्या तोंडी तर तो र होतो. म्हणून मुलीला कोणी गबड म्हणतो, कोणी गबर. दोन्ही ऐकायची तयारी ठेवा, बोलताना मात्र एकच निवडा.

आपल्याकडचे द्वित्वही इथे कामी येते. पक्का, गल्ली, अण्णा म्हणणाऱ्याला जोड व्यंजन शिकवावे लागत नाही. सोमालीत वरन म्हणजे भाला आणि वर्रन म्हणजे बातमी सांग. 'इस्का वर्रन' हे नेहमीचे अभिवादन आहे, कसे काय, काय चालले आहे अशा अर्थाचे. इथला र चांगला कापरा हवा. दोन-तीनदा जीभ टाळूवर थरथरली पाहिजे.

'जे' हे अक्षर मराठीत दोन प्रकारे वाचले जाते: जीवनमधला ज आणि जमणेमधला ज. सोमालीत फक्त पहिला चालतो. जिद म्हणजे रस्ता, जोग म्हणजे थांब, राहा. काही सोमाली बोलणारे हा ध्वनी च कडे झुकवतात, त्याने गोंधळू नका. सोमालीत प नाही, व्ही नाही आणि इंग्रजी झेड नाही. पासपोर्टला बासबोर, पोलिसांना बोलीस म्हणतात. तुमचे नाव पंकज किंवा पूजा असेल तर त्यातला प हा ब ऐकू येईल. त्यांच्या भाषेत प नाहीच, त्यामुळे सुधारत बसू नका. ळ आणि ण हेही सोमालीत नाहीत, म्हणून सोमाली ल आणि न यांना मराठी वळण देऊ नका. 'डब्ल्यू' उच्चारताना ओठ गोल करा. आपला व खालच्या ओठाला दात लावून येतो, सोमालीतला येत नाही.

आता घशाकडे. मी शिकवण्याचा क्रम ठरवताना आधी साधा 'एच' घेतो, मग 'एक्स', मग 'सी'. हा क्रम मोडू नये असे माझे ठाम मत आहे, कारण प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी आहे.

साधा 'एच' म्हणजे आपला ह, असे वाटते. पण आपला ह घोष आहे. गळ्याला दोन बोटे लावून 'हात' म्हणा, सुरुवातीपासूनच थरथर जाणवेल. सोमालीतला 'एच' अघोष आहे, नुसता श्वास आहे. संस्कृत श्लोक म्हटले असतील त्यांना हा ध्वनी विसर्गात सापडेल: 'नमः' मधला शेवटचा श्वास, त्याच्या मागे अ न जोडता. तो श्वास शब्दाच्या सुरुवातीला आणून हल म्हणा. हल म्हणजे एक, आणि सांडणीही. गळ्यावरच्या बोटांना सुरुवातीला काही जाणवता कामा नये.

मग 'एक्स'. चष्म्याच्या काचेवर वाफ धरण्यासाठी आपण तोंड उघडून 'हाऽ' करतो. तोच श्वास सोडा आणि सोडता सोडता जिभेचे मूळ, म्हणजे जीभ जिथे घशात उतरते तो भाग, मागे ओढा. घसा आतून अरुंद होतो आणि श्वासाला खरखरीत धार येते. टाळूला काहीही लागत नाही, आवाज फक्त घशाच्या अरुंद झालेल्या नळीत घासतो. हा ह़. मह़ा म्हणजे काय. ह़ल म्हणजे उपाय, तोडगा. ह़ोग म्हणजे बळ, आणि टिंब न देता होग म्हटले तर संकट, अनर्थ. एका श्वासाच्या जागेने बळाचे संकट होते, म्हणून या ध्वनीला वेळ द्या.

ह़ मध्ये दोन चुका फार होतात. पहिली म्हणजे त्याचा ख करणे. शब्दाच्या शेवटी 'एक्स' आला की ही चूक हमखास होते: सुबह़ म्हणजे सकाळ, मदह़ म्हणजे डोके, लिह़ म्हणजे सहा. हे शब्द सुबख, मदख, लिख होऊ देऊ नका. जीभ वर उचलली गेली की ख होतो, म्हणून शेवटी जीभ खाली, सपाट पडलेली हवी. दुसरी चूक म्हणजे इंग्रजी सवयीने क्स वाचणे. ती तोंडाची नाही, डोळ्यांची चूक आहे. पहिले काही दिवस सोमाली मजकुरातला प्रत्येक 'एक्स' पेन्सिलीने गोल करून ठेवा.

ह़ पक्का झाला की 'सी' फार दूर नाही. घसा अगदी तसाच अरुंद ठेवा आणि श्वासाच्या जागी आवाज घाला. इतकेच. गळ्यावर बोटे ठेवून लांबलचक ह़ सोडा आणि मध्येच, घशाची जागा न हलवता, आवाज सुरू करा. थरथर सुरू होते आणि एक दाबलेला, घोगरा, खोल आवाज येतो. तो अ़. ऐकायला तो अर्धा व्यंजन आणि अर्धा स्वर वाटतो. अनेक सोमाली बोलणाऱ्यांच्या तोंडी त्यात एक करकर असते, जणू आवाज क्षणभर अडकून पुढे सरकला. ती करकर मुद्दाम आणू नका, सरावाने आपोआप येते.

तयारी तीन टप्प्यांत करावी. पहिल्यांदा अ़ दोन आ-कारांच्या मध्ये म्हणा, कारण आ म्हणताना जीभ आधीच खाली आणि मागे असते. गअ़न म्हणजे हात, साअ़द म्हणजे तास किंवा घड्याळ. हे दोन शब्द दिवसातून अनेकदा, कामे करताना, चालताना म्हणत राहा. मग तो शब्दाच्या सुरुवातीला आणा: आ़नो म्हणजे दूध, अ़ब म्हणजे पी, उ़न म्हणजे खा, ए़ल म्हणजे विहीर. शेवटी शब्दाच्या अंताला: मगअ़ म्हणजे नाव. इ बरोबरचा अ़ सगळ्यात अवघड, कारण इ जिभेला पुढे खेचतो आणि अ़ मागे. म्हणून इ़ल्मी (ज्ञान), इ़द (कोणीतरी) असे शब्द शेवटी घ्या. घाई करून आधी घेतलेत तर घसा चुकीची सवय लावून घेतो.

सरावात घसा दुखता कामा नये. दुखला किंवा खोकला आला तर तुम्ही जोर लावता आहात असे समजा. हा ध्वनी ताकदीचा नाही, जागेचा आहे. पाणी प्या, थोडा वेळ थांबा आणि पुढच्या वेळी निम्म्या आवाजात करा. सोमाली माणसे दिवसभर हा ध्वनी बोलतात आणि त्यांचा घसा बसत नाही.

अ़ पूर्णपणे गाळणे ही नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक. अ़ब म्हणजे पी, पण अब म्हणजे पूर्वज, वंश. ह़ुन म्हणजे वाईट आणि उ़न म्हणजे खा. जेवायला बसलेल्या पाहुण्याला हे दोन शब्द उलटसुलट ऐकू आले तर काय होईल याची कल्पना करा. या जोड्या दोघांनी मिळून म्हणाव्यात: एकाने दोनांपैकी एक शब्द बोलायचा, दुसऱ्याने कोणता ऐकू आला ते बोटाने दाखवायचे. आधी कान तयार होतो आणि मागून घसा येतो. माझ्या मते पहिला आठवडा तर नुसता ऐकण्यातच घालवावा.

घशाच्याही खाली एक अगदी छोटा अडथळा आहे, सोमालीत तो अपॉस्ट्रॉफीने लिहितात. लहान मुलाने गरम भांड्याला हात लावला की आपण तोंडातून 'अ-अ!' म्हणतो. त्या दोन अ-कारांच्या मधला तुटक थांबा म्हणजेच हा ध्वनी. सु-आल म्हणजे प्रश्न आणि साअ़द म्हणजे तास हे दोन शब्द पाठोपाठ म्हणून पाहा. पहिल्यात आवाज पूर्ण तुटतो, दुसऱ्यात तो तुटत नाही, फक्त दाबला जातो. 'लो' या शब्दाच्या शेवटी असा तुटक थांबा घेतला की गुरे असा अर्थ होतो.

'क्यू'साठी मराठी माणसाने 'कि' आणि 'कॉ' हे दोन ध्वनी सावकाश म्हणून पाहावेत. कि म्हणताना जीभ टाळूला पुढे लागते, कॉ म्हणताना मागे. आता कॉपेक्षाही मागे जा, पडजिभेपर्यंत. तिथे जीभ लागली की क़. पुष्कळ सोमाली लोक हा ध्वनी थोडा घोष, ग कडे झुकलेला काढतात, आणि दोन स्वरांच्या मध्ये तर तो अर्धवट घासत जातो. अक़ल म्हणजे घर, विशेषतः भटक्या कुटुंबांचे काठ्या आणि चटयांचे घर. त्यातला क़ तुम्हाला पहिल्यांदा ग़ सारखा ऐकू येईल. म्हणून क, ग, क़ या तिन्हींचा संच करून शिका: कल म्हणजे मुसळ, गल म्हणजे आत ये, क़ल म्हणजे कापणे, जनावर कापणे. क़ोर म्हणजे लिही आणि कोर म्हणजे वर. इथे एक सूचना: सोमाली 'के' आणि 'टी' म्हणताना तोंडातून हवेचा हलका झोत निघतो. आपला क आणि त कोरडा असतो, तो ऐकणाऱ्याला ग किंवा द वाटू शकतो. ओठांसमोर पातळ कागद धरा, तो किंचित हलला पाहिजे. ख आणि थ इतका जोरात नको.

'केएच' हा मुख्यतः अरबीतून आलेल्या शब्दांत भेटतो: ख़मीस म्हणजे गुरुवार. आपला ख म्हणताना आधी अडथळा येतो, मग हवा सुटते. ख़ मध्ये अडथळा नसतो, हवा सुरुवातीपासून घासतच येते.

मराठीच्या पोटातच एक मोठी शिदोरी आहे. फारसीमार्गे आलेले कितीतरी अरबी शब्द मराठीत रुळले आणि रुळताना त्यांचे घशातले ध्वनी झिजून गेले. सोमालीने तेच शब्द अरबीतून घेतले, पण ते ध्वनी तिच्याकडे आधीपासूनच असल्यामुळे तिने ते जपले. त्यामुळे अर्थ तुम्हाला ठाऊक असतो, फक्त जागा बदलायची असते. अक्कल होते अ़क़्ली. अदालत आणि सोमालीतला अ़दालद म्हणजे न्याय एकाच मुळाचे. हक्क होतो ह़क़. हिशोब होतो ह़िसाब. हालत होते ह़ालद. किंमत होते क़ीमो. कलम होते क़लिन आणि त्याचा अर्थ लेखणी. वक्त होतो वक़्ती. सवाल होतो सु-आल. ऐब होतो ए़ब. आधी मराठी शब्द म्हणा, मग सोमाली, असे एकापाठोपाठ एक. घशाने काय वेगळे केले ते लगेच जाणवते.

कुराणपठण शिकलेल्या मराठी मुस्लिम वाचकांना या तिन्ही ध्वनींची जागा माहीत असते. मखरज, म्हणजे प्रत्येक ध्वनीची उच्चाराची जागा, शिकवणारे कारी (कुराणपठणाचे शिक्षक) अरबीतल्या ऐन, हे आणि काफ या अक्षरांची जागा बोट ठेवून दाखवतात. तुमच्या ओळखीत असे कोणी असेल तर एक संध्याकाळ त्यांच्याजवळ बसा. नुसत्या उर्दूवर मात्र भिस्त ठेवू नका, कारण रोजच्या उर्दूत ऐन बहुधा गळतो. गझल ऐकून क़ येईल, अ़ येणार नाही.

स्वरांकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि मला वाटते तिथेच मराठी माणूस सर्वांत जास्त चुकतो. मराठीत अ आणि आ हे दोन वेगळे स्वर आहेत, नुसती लांबी वेगळी नाही. सोमालीत मात्र एकच आ-कार आखूड किंवा लांब होतो. गल म्हणजे आत ये, गाल म्हणजे मुसलमान नसलेला माणूस. इथला आखूड स्वर मराठी अ इतका बंद नाही, तो आखूड आ आहे. तग म्हणजे जा, ताग म्हणजे वर उचल. दुल आणि दूल मध्ये पहिला वरचा भाग, दुसरा उडणे. आपण इ आणि उ लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ पाळतो पण बोलताना बहुधा एकसारखे बोलतो, ती सवय इथे नडते. ए आणि ओ तर मराठीत एकाच मापाचे आहेत, सोमालीत त्यांचीही आखूड आणि लांब रूपे आहेत. लिहिताना लांब स्वर दोनदा लिहिला जातो, त्यामुळे डोळ्यांना तो सहज दिसतो. दोनदा दिसला की लांब म्हणा, एकदा दिसला की आखूडच ठेवा.

शब्दाच्या शेवटचा स्वर ही आणखी एक अडचण. लब म्हणजे नर आणि लबा म्हणजे दोन, पण लबामधला शेवटचा स्वर आखूड आहे. मराठी जीभ तो एकतर गिळून टाकते किंवा लांबवते. दोन्ही नको. आणि त्यातला ब पूर्ण बंद होत नाही, ओठ जेमतेम टेकतात. दोन स्वरांमधले ब, द, ग असे सैल होतात, म्हणून वेगाने बोललेला लबा तुम्हाला लवा ऐकू येऊ शकतो.

सरावाला सर्वांत चांगली सामग्री म्हणजे आकडे. को, लबा, सद्देह़, अफर, शन, लिह़, तोद्दोबा, सिद्देद, सगाल, तोबन. एकपासून दहापर्यंतच्या या दहा शब्दांत द्वित्व आहे, ह़ आहे, लांब-आखूड स्वर आहेत. स्वतःचा दूरध्वनी क्रमांक एकेक आकडा करून सोमालीत म्हणा, मग घरातल्या सगळ्यांचे क्रमांक म्हणा.

रुग्णालयात काम करणाऱ्यांसाठी शब्दांचा वेगळा संच आधी पक्का करावा असे मी सुचवतो. तिथे उच्चार चुकला तर रुग्णाची तक्रार चुकीच्या जागी नोंदली जाते. ह़नून म्हणजे दुखणे, मदह़-ह़नून म्हणजे डोकेदुखी. या शब्दात दोन ह़ एकमेकांना लागून येतात, त्यांना तोडू नका, लांबवा. अ़लोल म्हणजे पोट. डीग म्हणजे रक्त. वद्ने म्हणजे हृदय. दवो म्हणजे औषध, हा शब्द मराठी माणसाच्या ओळखीचाच आहे. क़न्डो म्हणजे ताप, त्यात क़ आणि ड दोन्ही आहेत. क़ुफअ़ म्हणजे खोकला, त्यात सुरुवातीला क़ आणि शेवटी अ़. डॉक्टरला डख़्तर म्हणतात, त्यात ड आणि ख़ एकत्र. हे चार-पाच शब्द ज्याला नीट म्हणता आले त्याला सोमालीतले जवळपास सगळे अवघड ध्वनी आले असे समजायला हरकत नाही. रुग्णासमोर म्हणण्याआधी एखाद्या सोमाली विद्यार्थ्याला किंवा दुभाष्याला ऐकवा.

गावांची नावेही अशीच उपयोगी पडतात, कारण नकाशांवर ती इंग्रजी किंवा इटालियन वळणाने छापली जातात आणि घशातले ध्वनी गळून जातात. मोगादिशू आहे मुक़्दिशो, आणि लोक तिला ह़मर असेही म्हणतात. बुराओ आहे बुर्ओ़. लास अनोद आहे लास आ़नोद, त्यात दूध हा शब्द लपलेला आहे. गाल्कायो आहे गालकअ़्यो. माणसांची नावेही तशीच: अ़ली, अ़ब्दी, ह़सन, ह़लीमो, मह़मेद. समोरच्याचे नाव त्याच्या आईने हाक मारली तसे उच्चारता येणे ही मला शिकण्याची पहिली पायरी वाटते. व्याकरण त्यानंतर.

कानाला सोमालीची सवय लावायला बीबीसीची सोमाली सेवा आहे, ती १९५७ पासून चालू आहे. बातम्यांची सोमाली स्पष्ट, मोजकी आणि उच्चारात नीटनेटकी असते. दुसरी वाट कवितेची. सोमाली कवितेत, विशेषतः गबय या प्रकारात, प्रत्येक ओळीत एकच ठरावीक ध्वनी शब्दांच्या सुरुवातीला यावा लागतो. या अनुप्रासाला ह़रफराअ़ म्हणतात. कवी एकदा ध्वनी निवडतो आणि संपूर्ण कविताभर तो सांभाळतो. स्वरांनी सुरू होणारे शब्द एकमेकांशी जुळतात, पण अ़ ने सुरू होणारा शब्द फक्त अ़ शीच जुळतो. अर्थ न कळताही अ़ किंवा ड वरची एखादी कविता ऐकली तर तोच ध्वनी कितीतरी वेळा, वेगवेगळ्या स्वरांबरोबर कानावर पडतो. याहून चांगला सराव मला माहीत नाही. सय्यिद मह़मेद अ़ब्दुल्ले ह़सन यांच्यापासून हद्रावी (१९४३–२०२२) यांच्यापर्यंतच्या कवितांचे ध्वनिमुद्रित पठण मिळते.

एक म्हण पाठ करून ठेवा: नबद इयो आ़नो, ओ़ल इयो अबार. शांतता आणि दूध, युद्ध आणि दुष्काळ. यात आ़नो आणि ओ़ल अ़ ने सुरू होतात आणि अबार साध्या स्वराने. एकाच श्वासात घसा दोनदा अरुंद करायचा आणि तिसऱ्यांदा मोकळा सोडायचा. ऐकणाऱ्याने तिन्ही बरोबर ओळखले तर तुमचा 'सी' जागेवर बसला.

सोमाली माणसाशी बोलताना तीन छोटी वाक्ये जवळ ठेवा. 'फदलन' म्हणजे कृपया. 'मर कले' म्हणजे पुन्हा एकदा. 'तर्तीब उ हदल' म्हणजे सावकाश बोला. बहुतेक लोक आनंदाने पुन्हा म्हणून दाखवतात. दाखवतील तेव्हा त्यांच्या तोंडाकडे कमी आणि गळ्याकडे जास्त पाहा, कारण ह़ आणि अ़ मध्ये ओठ काहीच करत नाहीत. आवाज मोबाइलवर नोंदवायला परवानगी विचारा. नंतर तुमचा आणि त्यांचा आवाज एकापाठोपाठ ऐका.

प्रदेशाप्रमाणे फरक पडेल. दक्षिणेत जुबा आणि शबेल्ले नद्यांच्या पट्ट्यात, बयडबोच्या बाजूला, माय नावाची भाषा बोलली जाते, तिच्यात ह़ आणि अ़ हे घशातले ध्वनी नाहीत. तिथला माणूस साधा ह म्हणाला तर त्याची चूक काढू नका, तो त्याच्या घरची भाषा बोलतो आहे. तुम्ही मात्र प्रमाण सोमालीच धरून चाला.

सुराचा चढ-उतार मात्र नंतरसाठी ठेवा. सोमालीत इनन हा शब्द पहिल्या भागावर आवाज चढवला तर मुलगा आणि शेवटच्या भागावर चढवला तर मुलगी. दिबी पहिल्यावर चढला तर एक बैल, शेवटी चढला तर अनेक बैल. लिपीत हे कुठेच दिसत नाही. पाचही स्वरांच्या प्रत्येकी दोन छटा आहेत, त्याही लिहिल्या जात नाहीत. या गोष्टी वाचून येत नाहीत, माणसांत बसून येतात. दोन-तीन महिने घसा आणि स्वरांची लांबी यांवर काम झाले की इननची जोडी कोणा सोमाली ओळखीच्या माणसाकडून म्हणवून घ्या, आणि आवाज कुठे वर जातो ते हाताने हवेत रेघ काढत ऐका.